टाके उसवणारं एन्झाइम आणि माझी लेक

दिवाळी सरली आणि यवतेश्वराकडून कोरडं वारं सुटलं की आमच्या घरी एक आवाज सुरू होतो. रात्री दोन-अडीचला लेक झोपेतच कोपराच्या लवणीत खाजवत असते, खर्र खर्र. सकाळी गोधडी झटकली की पांढरा भुगा उडतो. ती आता सात वर्षांची आहे. पाच महिन्यांची होती तेव्हा पहिल्यांदा गालांवर लाल चट्टे आले, तेव्हापासून हे असं. अॅटोपिक डर्माटायटिस, म्हणजे पुन्हा पुन्हा उठणारा, खाजरा इसब. साताऱ्याची थंडी बाकीच्यांना गुलाबी, आम्हाला लाल.

मी शाहूपुरीत ब्लाऊज शिवते. झूऑलॉजीत बीएस्सी केलं, पण हात मशीनवर बसला तो बसलाच. त्वचेच्या डॉक्टरीणबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "हिच्या कातडीत प्रोटीन कापणारी एन्झाइम्स जरा जास्तच कामाला लागलीत." मला ते वाक्य घरी येईपर्यंत पुरलं. मग जुनी पुस्तकं काढली, नवं मिळेल ते वाचलं, आणि जे कळलं ते माझ्याच धंद्यातलं निघालं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींचे साधारण पंधरा-वीस पदर. एक पदर दुसऱ्याला प्रोटीनच्या बारीक टाक्यांनी शिवलेला असतो. त्या टाक्यांना कॉर्निओडेस्मोसोम म्हणतात. खालून नवे पदर येत राहतात, म्हणजे वरचे सुटायला हवेत, नाहीतर कातडी जाड होत जाईल. हे उसवण्याचं काम करतात कॅलिक्रिन ५ आणि कॅलिक्रिन ७ नावाची एन्झाइम्स. आम्ही ब्लाऊजला आधी कच्चा दोरा घालतो, पक्की शिलाई झाली की अर्ध्या ब्लेडनं तो काढतो. तो काढणंही शिवणकामच आहे. फक्त ब्लेड कुठे लावायचं आणि कधी, ते हाताला कळावं लागतं.

त्वचेला ते कसं कळतं, हे वाचलं त्या दिवशी मी मशीन बंद करून बसले होते. या एन्झाइम्सना धरून ठेवणारं एक प्रोटीन आहे, लेक्टी. खालच्या पदरांत पीएच, म्हणजे सामू, जवळजवळ सातच्या आसपास असतो, तिथं लेक्टीची पकड घट्ट. वर वर यावं तसा थर आंबट होत जातो, अगदी पृष्ठभागावर साधारण पाच, आणि पकड सैल होते. मोकळं झालेलं ब्लेड वरच्यावर टाके कापतं, आणि जुना पदर आपल्याला न कळता गळून जातो. बाहेरचा पदर सुटतो, अस्तर शाबूत राहतं.

लेक्टीच नसेल तर काय होतं, तेही माणसांत दिसलंय. नेदरटन सिंड्रोम नावाचा फार दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्यात लेक्टी बनवणारा स्पिंक५ हा जीन बिघडलेला असतो, हे २००० साली कळलं. बाळ जन्मतःच लालबुंद, सालपटं निघणारं, केस बांबूसारखे गाठीगाठीचे. माझ्या लेकीला तो आजार नाही. पण मोकाट सुटलेलं कॅलिक्रिन ५ टाके तर कापतंच, शिवाय पेशींवरची एक कळ दाबून सूज आणि अॅलर्जीची हाकाटी करतं. म्हणजे खाज नुसत्या कोरडेपणाची नसते.

आणि साबण. साबणाच्या वडीचा पीएच नऊ-दहा. आंबटपणात लेक्टीची पकड सुटते खरी, पण क्षारता वाढली की मोकळी झालेली हीच एन्झाइम्स आणखी जोर धरतात. वर त्वचेचा आंबटपणा परत जमायला वेळ लागतो.

आमच्या घरात काय चाललं होतं? सासूबाई मायेनं म्हणायच्या, "अगं, मळ साचलाय तिथं. घासून काढ की." मग लाल साबण, मसुरीचं पीठ, गुडघ्यांना वजरी. लेक न्हाणीघरातून लख्ख बाहेर यायची आणि रात्री तळमळायची. दोन वर्षं आम्ही हे केलं. मीही केलं.

एके दुपारी जुना ब्लाऊज आणि ब्लेड घेऊन त्यांच्यापुढे बसले. "आई, हे बघा," म्हणत एकेक टाका सोडवून दाखवला. त्यांनी जन्मभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्यात. जरा वेळानं म्हणाल्या, "म्हंजे ते आधीच उसवतंय, आन् आपण वरनं ओढतोय." इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. वजरी त्यांनीच माळ्यावर टाकली.

एक गोष्ट मात्र इथं सांगायलाच हवी, कारण तिचा राग अजून गेलेला नाही. एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आम्हाला एक ट्यूब मिळाली होती. त्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकत्र. चार दिवसांत चट्टे गायब, म्हणून लावत राहिलो. गालाची कातडी पातळ झाली, बारीक शिरा दिसायला लागल्या. स्टेरॉइड वैरी नव्हे. डॉक्टरीणबाईंनीही नंतर दिलंच, पण सौम्य, ठरल्या दिवसांपुरतं आणि मापात: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. लहानग्यांच्या चेहऱ्यावर विचारल्याशिवाय काही चोळू नका, ही माझी हात जोडून विनंती.

कापणं नेहमी वाईटच असं मात्र नाही. फिलाग्रिन नावाचं प्रोटीन आहे. ते दुसऱ्या एन्झाइम्सनी बारीक बारीक चिरलं जातं, तेव्हाच त्यातून ओल धरून ठेवणारे घटक तयार होतात. त्याच्या जीनमधल्या बिघाडानं लेकीला आहे तो आजार जडायचा धोका वाढतो, हे २००६ साली समोर आलं. लेकीची त्या जीनची तपासणी आम्ही केलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपचार त्यानं बदलणार नाहीत.

सध्या आंघोळ कोमट पाण्यानं, दहा मिनिटांच्या आत. साबणाऐवजी कमी पीएचचं क्लिन्झर. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. खाज पूर्ण गेलेली नाही, पण गेल्या थंडीत ती सलग रात्रभर झोपलेल्या बऱ्याच रात्री झाल्या.

या आठवड्यात मी तिच्यासाठी मऊ सुती फ्रॉक शिवतेय, शिलाई बाहेरच्या अंगाला ठेवून, म्हणजे आत कुठं दोरा टोचायला नको. सासूबाई खिडकीपाशी उजेडात बसल्यात. चष्मा नाकावर, हातात अर्धं ब्लेड. शाळेच्या स्वेटरच्या मानेजवळचं लेबल टाका टाका करून काढतायत, लोकरीला धक्का न लावता.