तुम्ही विचारलंत म्हणून: स्टोइक व्हायचं म्हणजे रोज करायचं काय?

स्टोइक विचार, म्हणजे मनावर ताबा ठेवायला शिकवणारं प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान, वाचायला छान वाटतं, पण भडकलेलं डोकं काही शांत होत नाही, मग उपयोग काय? हा प्रश्न नेहमी येतो. एपिक्टेटसचं उत्तर अगदी हिशेबी आहे: मोजा.

एपिक्टेटस हा प्राचीन रोमन काळातला स्टोइक तत्त्वज्ञ, एकेकाळचा गुलाम. पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिसला त्यानं शाळा चालवली आणि त्याची प्रवचनं एरियन या शिष्यानं टिपून ठेवली. त्यांच्या दुसऱ्या भागातल्या 18व्या प्रकरणात तो सांगतो, न रागावलेले दिवस मोजत जा. आधी रोज राग यायचा, मग एक दिवसाआड, मग दोन, मग तीन दिवसांआड. सलग 30 दिवस निभावले तर देवाला बळी अर्पण कर! कारण प्रत्येक वेळी चिडलं की सवयीच्या आगीत सरपण पडतं.

यासाठी साधी वही पुरते. झोपण्याआधी तीन रकाने भरायचे: तारीख, प्रसंग आणि त्या क्षणी मनात उमटलेलं वाक्य. 'साहेब ओरडले' हा प्रसंग. 'चारचौघांत माझी लाज काढली' हा आपण दिलेला निवाडा. राग येतो तो या निवाड्यातून, त्यामुळे तिसरा रकाना रिकामा राहिला की ती नुसती तक्रारवही होते.

मोजायचं काय, इथे बहुतेकांची गफलत होते. कानशिलं तापली, छाती धडधडली, हे धरायचं नाही. एपिक्टेटसच्याच हरवलेल्या पाचव्या भागातला एक उतारा ऑलस गेलियस या रोमन लेखकामुळे वाचला आहे: वादळात शहाण्याचाही चेहरा पांढरा पडतो, फक्त 'हे भयंकर आहे' याला तो मान्यता देत नाही. तीच मान्यता दिलीत की दिवस बाद. उलट, दातओठ खाऊन गप्प बसलात पण आत 'बघून घेईन' चालूच आहे, तर तोही दिवस बादच.

सकाळची तयारी दोन मिनिटांची. सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी आठव, असं एपिक्टेटस म्हणतो: तिथे कुणी पाणी उडवेल, कुणी ढकलेल, शिवी देईल, चोरी करेल. मला अंघोळही करायची आहे आणि मनही ताळ्यावर ठेवायचं आहे. लोकलमध्ये चढण्याआधी हे जसंच्या तसं चालतं. लोक फक्त दुसरा हेतू ठरवायला विसरतात.

दिवस मोडला की बरेच जण वही सोडून देतात. मोजणी 1पासून पुन्हा सुरू करा, पण आधीचे आकडे खोडू नका. दोन रागांमधलं अंतर वाढतंय का, ते त्यांच्यावरूनच कळतं.