हरळीचे लाड

होळी झाली, थंडी पळाली, की आमच्या कॉलनीत लॉनची मशिनं घरघरायला लागतात. परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर शेजारच्या बंगल्यात घरघर सुरू. झोप गेलीच, वर कापल्या गवताचा ओला वास खिडकीतून आत. उठून कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याचं लॉन कापताना बघायचं आणि सल्ले द्यायचे, ही माझी जुनी खोड. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉलचा पास कुणाला द्यायचा हे ओरडून सांगणाऱ्यांच्या गावात हा काही गुन्हा नव्हे.

"मामा, पहिली कापणी हाय, जरा बुडातनं घ्या की!"

थंडीत वाळलेला पिवळा भुस्सा एकदा निघाला की जमिनीला ऊन लागतं, खालचे डोळे फुटतात. पण हे वर्षातून एकदाच. पुढं इंच-दीड इंच उंची राखायची, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त छाटायचं नाही, आणि हिरवं दिसल्याशिवाय खताची घाई करायची नाही. मामांनी मान हलवली आणि मशीन होतं तसंच ढकललं. पात्याला धारही नव्हती. शेंडे कापले जात नव्हते, चिंबून तुटत होते. उद्या-परवा सगळं पांढुरकं दिसणार. माझा जीव खालीवर.

आणि कुणासाठी, तर हरळीसाठी! आजोबा असते तर पायताण काढलं असतं. पंचगंगेकाठच्या आमच्या काळ्या रानात हरळी म्हणजे सात जन्मांची वैरीण. ऊस गेला, रान नांगरलं, की चैत्राच्या उन्हात आम्ही पोरं पाट्या घेऊन काशा, म्हणजे हरळीची जमिनीखालची खोडं, वेचायला. ढेकूळ फोडलं की आतून पांढरी, पेरापेराची काशी सुटत यायची, ओढावी तेवढी लांब. सदऱ्याला पुसून चावली तर किंचित गोड. एक पेर मागं राहिलं तरी पुन्हा फुटणार, म्हणून आजोबा आमच्यामागनं ढेकळं उलथत यायचे. काशा बांधावर टाकायच्या नाहीत ही सक्त ताकीद. गाडीवाटेवर पसरायच्या, चाकाखाली, कडकडीत वाळेपर्यंत. तरी वळवाची एक सर आली की रानात हिरवे ठिपके हजर. आजोबा कचकचीत शिवी हासडायचे, आणि चतुर्थीला त्याच हातानं गणपतीला त्याच हरळीच्या एकवीस दूर्वा वाहायचे.

त्याच जातीतली, जरा बारीक पात्याची, नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून चौरस फुटाच्या भावानं मिळते. मी ती विकत आणली. तिला सावली सोसत नाही म्हणून दारच्या आंब्याच्या दोन फांद्या उतरवल्या, त्यावरून घरात अजून बोलणी खातो. लव्हाळा तेवढा खुरपं घेऊन स्वतः काढतो. आजोबांचं रक्त म्हणायचं ते तेवढंच.

पंचाईत होते ती गणपतीत. अंगणभर हरळी, पण सारखी कापलेली, त्यामुळं तीन पानांचा धड कोंब हाताला लागत नाही. मग महाद्वार रोडला जाऊन जुडी घ्यायची. गेल्या खेपेला मावशींना विचारलं, "कुठनं आणता ओ एवढी?"

"उसाच्या रानातनं. उपटून न्या म्हणतोय मालक, वर च्या बी पाजतोय."