लेकाचा दुधाचा दात हिरडीत घुसला तेव्हा

दिवाणावरून उडी मारताना माझा दोन वर्षांचा लेक तोंडावर आपटला, तोही नेमका टीपॉयच्या कडेवर. बघता बघता शर्ट लाल झाला. तोंडातल्या जखमेतून रक्त भळाभळा येतं आणि लाळ मिसळली की ते आणखीच जास्त दिसतं. हे ठाऊक होतं, म्हणून छाती धडधडत असतानाही हात चालले.

त्याला मांडीवर घेऊन जरा पुढे वाकवलं, म्हणजे रक्त घशात जात नाही. स्वच्छ ओल्या रुमालाने वरचा ओठ बाहेरून दातांवर दाबला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं धरला. मधेमधे उचलून बघायचं नाही. सासूबाई हळद घेऊन आल्या. म्हटलं, "आई, हळद नको, डॉक्टरांना जखम नीट दिसू दे." त्यांनी लगेच फडक्यात बर्फ गुंडाळून आणला.

रक्त थांबलं तेव्हा वरचा एक दात जागेवर दिसेना. बॅटरी घेऊन दिवाणाखाली शोधलं, कुठेच नाही. पडलेला दात सापडला नाही तर तो श्वासनलिकेत गेला असण्याचीही शक्यता असते. खोकला नव्हता, श्वास नीट चालू होता, उलटी किंवा गुंगी नव्हती. तरी त्याच दिवशी लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

मॅडमनी त्याला खुर्चीवर झोपवलंच नाही. त्या आणि मी गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसलो. लेकाचे पाय माझ्या कमरेभोवती, डोकं त्यांच्या मांडीवर. रडायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी सगळं बघून घेतलं. एक्स-रेत दात सापडला: वर हिरडीत घुसला होता. ओठ आणि हिरडी जोडणारा मधला पडदा फाटला होता. त्याला टाका लागत नाही, फक्त ओठ ओढून ओढून बघू नका, पुन्हा रक्त येईल, असं त्या म्हणाल्या.

दात ओढून खाली आणायचा नाही, हे मला नवीन होतं. वरच कायमच्या दाताचा अंकुर असतो, त्याला धक्का लागू नये म्हणून वाट बघायची. असे दात बहुधा काही महिन्यांत आपोआप खाली येतात. याच कारणासाठी पडलेला दुधाचा दात पुन्हा बसवतही नाहीत.

वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, मऊ भात, गार दही, बाटली बंद, मऊ ब्रश. दात हळूहळू खाली आला, पण करडा पडला. नुसत्या रंगाने घाबरायचं नाही. हिरडीवर पुळी आली किंवा सूज दिसली तर मात्र ताबडतोब जायचं. अजून तसं काही झालेलं नाही, तपासण्या चालू आहेत.

मोठ्या पुतणीला कायमचे दात आलेत, म्हणून तिच्यासाठीही विचारून घेतलं. तसा दात पडला तर मुळाला हात न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, दुधात ठेवायचा आणि तासाभराच्या आत दवाखाना गाठायचा.