राडीत चालणाऱ्या स्पोर्ट क्वाडचे मागचे टायर

स्पोर्ट क्वाड, म्हणजे मोटरसायकलसारखी चालवायची हलकी चारचाकी; तिचे मागचे टायर निवडताना बहुतेकांची नजर आधी टायरच्या डिझाइनवर जाते. कोल्हापुरात आधी माती बघावी लागते. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडं तांबडी माती आहे आणि बऱ्याच ठिकाणी वीतभर चिखलाखाली जांभा किंवा मुरूम लागतो. शिरोळ, हातकणंगलेकडची काळी माती पावसात फुगते, तिथं चाकाला खाली टेकायला काहीच मिळत नाही. पंचगंगेकाठच्या मळीत पूर ओसरल्यावर उरतो तो गाळ, वरून सुकलेला आणि आत लोण्यासारखा. हे तीन निराळे चिखल आहेत. आपली क्वाड यातल्या कुठल्या राडीत जास्त फिरणार, हे ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

दुसरी गोष्ट गाडीची. व्हिडिओत दिसणारे दीड-दोन इंच खोल बटणांचे (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचे) मड टायर फोर-बाय-फोर युटिलिटी एटीव्हीसाठी, म्हणजे कामाच्या जड क्वाडसाठी असतात. त्या गाड्यांना लो गिअर असतो आणि चारी चाकं ओढतात. स्पोर्ट क्वाडला हाताचा क्लच, चेन आणि ओढणारी मागची दोनच चाकं. इंजिनची ताकद वरच्या आरपीएमला येते, त्यामुळं ही गाडी चिखलातून निघते ती चाक जोरात फिरवून, बटणांतली माती बाहेर फेकत. जड टायर लावला की तो वेगच घेत नाही. मग माणूस क्लच अर्धवट दाबून गाडी काढायला बघतो, प्लेटा जळतात आणि टायरच्या खर्चावर क्लचचा खर्च चढतो. म्हणून स्पोर्ट क्वाडला पाऊण ते एक इंच खोलीची बटणं पुरे. त्यापुढं जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

आता माप. ४५० आणि ७०० सीसीच्या बहुतेक स्पोर्ट क्वाडना मागं २०×१०-९ टायर येतो: उंची २० इंच, रुंदी १० इंच, रिम ९ इंची. चिखलासाठी २२×११-९ हे माप मला सर्वात योग्य वाटतं, आणि कारण आहे अॅक्सलवरचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र. ५२० चेनचं ३८ दातांचं स्प्रॉकेट साधारण १९२ मिलिमीटर व्यासाचं असतं. २० इंची टायरचं केंद्र जमिनीपासून २५४ मिलिमीटरवर. त्यातून स्प्रॉकेटची त्रिज्या आणि वरची चेन वजा केली तर खाली उरतात १५ सेंटिमीटर. माणूस बसला, टायर दबला, की तेरा-चौदाच. चाकोरीच्या मधला उंचवटा याहून वर आला की स्प्रॉकेट नांगरासारखं माती कापत जातं आणि चेन मातीनं भरते. २२ इंची टायरनं एक इंच उंची वाढते. ऐकायला कमी वाटतं, पण पाणंदीत गाडी पोटावर बसते की निघते ते बऱ्याचदा या एका इंचावर ठरतं. तरीही स्प्रॉकेट आणि ब्रेक डिस्कला खालून जाड अॅल्युमिनियमचा गार्ड हवाच.

उंचीची किंमत गिअरिंगमध्ये मोजावी लागते. टायर २० वरून २२ झाला की गिअरिंग दहा टक्क्यांनी लांब होतं, म्हणजे प्रत्येक गिअरची ओढ तेवढी कमी होते. पुढं इंजिनकडं १४ आणि मागं ३८ दात असतील तर गुणोत्तर २.७१ आहे. पुढचं स्प्रॉकेट १३ दातांचं केलं तर २.९२ होतं, म्हणजे पावणेआठ टक्के परत मिळतात. १३-३९ केलं तर बरोबर ३ येतं आणि सगळा हिशोब भरून निघतो. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त आणि बदलायलाही सोपं, म्हणून सुरुवात तिथून करावी. टायर बसवायच्या दिवशीच हे काम उरकावं, नंतर करू म्हटलं की क्लच आधी जातो. २२ इंची टायर मागचा शॉक पूर्ण दबल्यावर मडगार्डला किंवा सायलेन्सरला घासत नाही ना, तेही बघायचं. शॉकचा खालचा बोल्ट काढून मागची चाकं अॅक्सलसकट हळूहळू वर आणली की लगेच कळतं. मागं उंची वाढली की पुढं २२ किंवा २३ इंची टायर घ्यावा, नाहीतर गाडी नाकावर झुकते आणि हँडल हलकं, चंचल लागतं.

रुंदीबद्दल दोन मतं ऐकू येतात आणि आपापल्या मातीत दोन्ही बरोबर आहेत. खाली मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून तळाला लागतो आणि तिथं पकड घेतो, म्हणून पन्हाळ्याच्या बाजूला १० इंचही उत्तम. गाळात तळच नसतो. तिथं रुंद टायर वर तरंगतो, ११ इंच हवाच.

काळ्या मातीचं गणित सर्वांत अवघड आहे. सलग पाऊस असतो तेव्हा ती पातळ असते आणि टायरवरून ओघळून जाते. उघडीप पडून एक-दोन दिवस गेले की ती सर्वांत चिकट होते. बटणं जवळजवळ असलेला टायर तेव्हा काही मीटरांत गुळगुळीत गोळा होतो, मग बटणं किती खोल आहेत याला अर्थ राहत नाही. इथं दोन बटणांमधली जागा महत्त्वाची. निदान तीन बोटं सहज बसावीत, आणि खाच मध्यापासून कडेपर्यंत मोकळी असावी म्हणजे माती बाजूला निसटते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतील तर आणखी चांगलं, माती तिथं घट्ट धरत नाही. कडेची बटणं साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, थोडी उतरलेली असावीत, चाकोरीतून बाहेर चढताना तीच कामाला येतात. एवढं करूनही वाफशाच्या आधीच्या त्या दिवसांत काळ्या रानात कुठलाच टायर नीट चालत नाही. आणि तेव्हा पाणंदीत घातलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात, त्याचा त्रास पुढचे कित्येक महिने बैलगाडीवाल्याला होतो. मालकाची परवानगी असली तरी हे दिवस टाळावेत. मसाईच्या पठारावरचे फुलांचे सडे आणि दाजीपूरचं जंगल यांचा तर विचारही करू नये.

प्लाय, म्हणजे टायरचे थर, निवडताना कोल्हापूरचा खरा शत्रू म्हणजे तोडणी झालेला ऊस. कोयत्यानं तिरकी तोडलेली बुडखी चिखलात दिसत नाहीत आणि दोन प्लायच्या टायरच्या साइडवॉलमध्ये सरळ घुसतात. ट्रेडमधलं, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागातलं, भोक दोरीच्या प्लगनं बुजतं, साइडवॉलचं भरवशानं बुजत नाही. उसाच्या पट्ट्यात ६ प्लायच घ्यावा. तो कडक असतो, म्हणून हवा थोडी कमी ठेवावी लागते. फक्त गाळ आणि भातखाचरं असतील तर ४ प्लाय जास्त वाकतो आणि माती चांगली झटकतो.

हवा मोजायला पंपावरचा गेज उपयोगाचा नाही, त्याचा काटा इतक्या खाली नीट दाखवत नाही. शून्य ते पंधरा पीएसआयचा वेगळा गेज घ्यावा. कंपनीचा आकडा बहुधा ४ ते ५ पीएसआयच्या आसपास असतो. चिखलात ३ ते ४ वर चालवावं. बीडलॉक रिम (टायरची कड आवळून धरणारी) नसेल तर ३ च्या खाली उतरू नये. आडव्या ओढीत टायर रिमवरून सुटतो आणि आत चिखल शिरला की तो जागेवर पुन्हा बसत नाही. एवढ्या कमी हवेत एका पीएसआयचा फरक म्हणजे पाव हिस्सा, तेव्हा मोजणी नेहमी टायर थंड असतानाच. पंक्चर टाळायला म्हणून ट्यूब घालणाऱ्यांना एकच सांगणं: कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो.

दोन्ही मागचे टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच वेळी घ्यावेत. अॅक्सल सलग असल्यामुळं एका टायरचा घेर जास्त झाला तर गाडी सतत एका बाजूला ओढते. बसवल्यावर सारखी हवा भरून टेपनं दोघांचा घेर मोजावा. थोडाफार फरक हवेवर जुळवता येतो, मोठा फरक असेल तर टायर परत द्यावा. आयटीपी होलशॉट एक्ससीटी आणि मॅक्सिस रेझर हे या मापात मिळणारे, मुरमाच्या चिखलाला चांगले पर्याय. माती जास्त चिकट असेल तर आयटीपी मड लाइटच्या जातीचा मोकळा पॅटर्न बघावा. आयात माल गोदामात पडून राहतो, म्हणून साइडवॉलवरचे चार आकडे वाचावेत: २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा. चार-पाच वर्षं जुना टायर नवा दिसला तरी रबर कडक झालेलं असतं.

बसवताना रिमची कड तारेच्या ब्रशनं साफ करून साबणाचं पाणी लावावं. साइडवॉलवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे बघायला पंक्चरवाल्याला आधीच सांगावं, कारण त्याच्याकडं असा टायर रोज येत नाही. बीड, म्हणजे टायरची कड, रिमवर बसवायला साइडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेपर्यंतच हवा भरायची, दोन्ही कडांचा टप्प आवाज आला की खाली उतरवायची. पहिल्या फेरीनंतर चाकाचे नट पुन्हा आवळावेत. प्रत्येक वेळी धुताना रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेली माती काढावी. ती एका जागी वाळली की चाक थडथडतं, आणि लोक उगाच बेअरिंग बदलत बसतात.