वळून बघितलंच नाही

मालवण, रविवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये. केस दोनदा धुतले तरी मीठ जाणवतंय. कारण इतकं फुटकळ की सांगायलाही लाज वाटावी. आज स्कूबा डायव्हिंगला आम्ही दोघं वीस मिनिटं पाण्याखाली होतो आणि ह्या माझ्या नवऱ्यानं एकदाही वळून माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळी बोटीत नुसती टकळी चालू होती. घाबरला की हा इतिहास सांगतो. कुरटे बेट, १६६४ साल, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात ओतलेलं शिसं. सांगतोय कुणाला, तर ज्याचा जन्म किल्ल्यासमोर गेला त्या तांडेलाला. तो बिचारा ‘होय, होय’ करत होता. त्याआधी फॉर्म भरताना ऑपरेशनच्या प्रश्नापाशी ह्याचं पेन थांबलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी होतीच खिशात. असो.

पाण्यात उतरवणारा पोरगा जेमतेम पंचविशीचा. “घाबरू नकात काका, मी आसंय.” (‘काका’ ऐकून ह्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.) आणि मला म्हणाला, “ताई, तुम्ही मागे ऱ्हवा. हात लावू नकात त्यांका.” बरोबरच आहे. जबाबदारी त्याची. पण माझ्याकडे ओपन वॉटरचं कार्ड आहे, अठरा मीटरपर्यंत जाते मी. आणि आज काम काय, तर पाच-सहा मीटरवर वरातीमागून चालायचं.

दीड-दोन मीटरवरच कान दुखले त्याचे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, हे महिनाभर सोफ्यावर बसवून मी शिकवलं. खाली मात्र त्या पोरानं करून दाखवलं तेव्हा जमलं. आधी बुडबुडे भसाभसा निघत होते, मग हळूहळू एकेक झुबका, मध्ये चांगली उसंत. मी मोजत होते. डाव्या हातानं पोराचं मनगट घट्ट धरलेलं. अंगठी माझ्या पर्समध्ये, त्यामुळे बोटावरचा पांढरा पट्टा उघडा पडलेला. पाण्यात सगळंच मोठं आणि जवळ दिसतं. तो पट्टा जरा जास्तच दिसला.

मग मी पोरकटपणा केला. जॅकेटची लोखंडी कडी काढली आणि सिलिंडरवर वाजवली. टण् टण्. ह्यानं वर बघितलं, खाली बघितलं, पोराकडे बघितलं. पुन्हा वाजवली. तेवढ्यात कुणीतरी पाव सोडला (सोडू नये, पण सोडतात), पट्टेवाल्या माशांची झुंबड उडाली आणि संपलंच माझं.

वर आल्यावर मास्क कपाळावर, मिशीत शेंबूड, डोळे दिवाळीसारखे. “तू कुठे होतीस गं?”

कुठे होते! मार्चपासून कुठे आहे मी? जाऊ दे.

आता शांतपणे बघितलं तर मास्क म्हणजे घोड्याची झापडं, बाजूचं काही दिसतच नाही. आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगानं धावतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो, कुठून आला ते कळत नाही. हे मला कोर्समध्येच शिकवलेलं. म्हणजे तो शोधत होता की काय? की नुसताच दचकला? हे काही आता कळायचं नाही.

आणि हॅवलॉकला माझी पहिली डाइव्ह होती, तेव्हा हा दोन तास उन्हात चपला आणि पिशव्या सांभाळत बसला होता. मी पाण्यातून आले ती कासव, कासव करत. रात्रीच्या जेवणापर्यंत कासव. तू जेवलास का, एवढंही विचारलं नव्हतं मी. त्यानं ते कधी काढलं नाही. मी असते तर दर दिवाळीला काढलं असतं.

मघाशी बांगड्याचा काटा काढता काढता म्हणाला, “खाली घंटा कसली वाजत होती गं? दोनदा ऐकली मी.”

“किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे ना,” मी म्हटलं, “तिथली असेल.”

“हां,” म्हणाला, आणि माझी सोलकढीही पिऊन टाकली.