टेबलाच्या डाव्या बाजूला

हृदयाच्या शस्त्रक्रियेत सर्जन रुग्णाच्या उजवीकडे उभा राहतो आणि असिस्टंट डावीकडे. त्या दिवशी मी मुद्दाम डावी बाजू घेतली. उजवीकडे माझी हृदयशस्त्रक्रियेतल्या एमसीएचच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती. एमबीबीएस, मग ३ वर्षं एमएस, मग ही ३ वर्षं. पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एक अख्खं मायट्रल व्हॉल्व्हचं, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं, ऑपरेशन पहिल्यांदाच तिच्या हाती होतं.

पेशंट मराठवाड्यातल्या, पस्तिशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या बाई. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडप पार कडक झालेली. निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असणारं झडपेचं तोंड जेमतेम एकावर आलं होतं.

रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं; एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर गेला. महाधमनीत हार्ट-लंग मशीनच्या पंपाची नळी, कॅन्युला, घालण्याआधी माझ्या विद्यार्थिनीनं ॲनेस्थेटिस्टना सांगितलं, "सिस्टॉलिक प्रेशर शंभरच्या खाली आणा, मॅडम." आमची मुलं मटणाच्या दुकानातून बकऱ्याची हृदयं आणून टाक्यांचा सराव करतात आणि तो हवाच. १९६८ साली मुंबईच्या केईएममध्ये देशातलं पहिलं हृदयारोपण करणाऱ्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूनंही आधी कुत्र्यांवर सराव केला होता. पण दुकानातून आणलेल्या हृदयात दाब नसतो, त्यामुळे ते चुकलं तरी रक्त उडत नाही.

झडप कापून झाली, ती जिथे बसलेली असते त्या कड्यात टाके सुरू झाले. या कड्याला सगळीकडून शेजार आहे. पुढे महाधमनीच्या झडपेच्या पाकळ्या, मागे आतल्या अंगाला हृदयाच्या ठोक्यांचा संदेश वाहून नेणारा तंतू, बाहेरच्या अंगाला हृदयालाच रक्त पुरवणारी सर्कम्फ्लेक्स धमनी. सुईचं टोक मांसात गेलं की दिसत नाही, ते कुठे आहे हे मनातच ठेवावं लागतं. बाहेरच्या अंगाचे टाके ती घेत होती तेव्हा माझी बोटं शिवशिवत होती. मी सक्शन धरून उभा राहिलो.

थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली कृत्रिम चित्रा झडप बसली, तबकडी मोकळी हलली. रूट व्हेंटच्या नळीतून हवा काढली, महाधमनीवरचा क्लॅम्प सुटला, हृदय आपणहून धडधडू लागलं. पंपाचा फ्लो कमी करत आणला आणि मॉनिटरवर ईसीजीतला एसटी हा भाग वर चढला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं. उजवा कप्पा फुगला, रक्तदाब साठावर.

इथे दोन शक्यता असतात. टाक्यात सर्कम्फ्लेक्स सापडली असेल, तर तातडीनं काहीतरी करायलाच हवं. किंवा उरलेली हवा उजव्या कोरोनरी धमनीत शिरली असेल. पेशंट उताणा असतो, त्या धमनीचं तोंड वरच्या बाजूला येतं आणि बुडबुडा तिथेच जातो. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती बोलली.

"परत फुल फ्लो. मीन प्रेशर ऐंशीला न्या. रूट व्हेंट चालू ठेवा. मॅडम, टीईईवर लॅटरल वॉल बघता?" टीईई म्हणजे अन्ननलिकेतून केलेली हृदयाची सोनोग्राफी; लॅटरल वॉल म्हणजे सर्कम्फ्लेक्स जिला रक्त पुरवते ती बाजूची भिंत.

"छान हलतेय."

"मग हवाच आहे सर. थांबू या."

आणि तिनं दोन्ही हात हृदयावरून काढून घेतले. पहिल्याच मोठ्या केसमध्ये, फुगलेलं हृदय समोर असताना, काहीही न करणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. वाढवलेला दाब बुडबुडा पुढे ढकलतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. नवखा हात त्या वेळात काहीतरी करून बसतो. काही मिनिटांत एसटी खाली उतरला, उजवा कप्पा आकसला. दुसऱ्या खेपेला पंप सहज सुटला.

आम्ही मुलांची तयारी लॉगबुकातल्या केसेस मोजून ठरवतो. ही मिनिटं त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, आणि परीक्षक म्हणून मला याचंच वाईट वाटतं.

बाई दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवरून सुटल्या. शनिवारच्या मीटिंगमध्ये मी विद्यार्थिनीला टाक्यांऐवजी तेवढीच मिनिटं मांडायला सांगितली. पहिल्या वर्षाच्या एकानं विचारलं, "मॅडम, थांबायचं किती?"

"एसटी उतरेपर्यंत. पण लॅटरल वॉल आधी बघायची. ती हलत नसेल तर थांबायचं नाही."