आतली शिवण

रविवार, रात्री

स्मॉकची काख आज बसली एकदाची. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या इंग्लंडमध्ये बायका अंगालगत हा लिननचा लांब झगा घालायच्या. बेतायला सोपा, सगळे चौकोन आणि बाजूच्या कळ्या. कापड महाग आणि माणसाचे हात स्वस्त, त्यामुळे चिंधीसुद्धा वाया न जाईल असंच बेतलेलं असतं. काखेत चौकोनी तुकडा तिरका बसतो, म्हणून हात वर केला तरी शिवण ताणत नाही. पण त्या तुकड्याच्या टोकाशी तीन शिवणी एकत्र येतात आणि तिथे सुई अडते. अंगुस्तान नसतं तर बोटाची चाळण झाली असती.

दोरा मेणावरून ओढून घेते, म्हणजे पीळ सुटत नाही. आधी बारीक धावदोरा, मग काठ आत दुमडून तुरपाई. आतून बघितलं तरी कुठे सुता-दशी दिसायला नको. कारण हा कपडा सारखा धुतला जायचा. वरचा मखमली गाऊन कोण धुतंय? तो झटकायचा, ब्रशने साफ करायचा, दोनचार वर्षांनी उसवून दुसरंच काही करायचं. म्हणूनच उरलेल्या मूळ कपड्यांत भारी कापडाच्या आतल्या शिवणी पुष्कळदा ढोबळ, लांब टाक्यांच्या असतात. मला हे फार आवडतं. गाऊन शिवणारे शिंपी पुरुष. राणीच्या वॉल्टर फिशचं आणि 1582 नंतर आलेल्या विल्यम जोन्सचं नाव नोंदीत आहे. पांढरं लिनन शिवणाऱ्या बहुतेक बायकांची नावं मात्र कुठे सापडत नाहीत.

नवऱ्याने मशीनकडे बोट दाखवलं. लांब शिवणी मशीनवर मारता येतील, खरंय, कुणाला कळणारही नाही. पण मग हे करायचंच कशाला!

गळ्याच्या चुण्या आता पुढच्या रविवारी. रफच्या, म्हणजे गळ्याभोवतीच्या चुण्यांच्या कडक कॉलरच्या, वाटेला इतक्यात जात नाही. 1564 साली लंडनला आलेली डिंगेन नावाची फ्लेमिश बाई रफला खळ कशी द्यायची हे शिकवायचे पाच पौंड घेत असे, आणि खळ शिजवायची कशी याचे वीस शिलिंग वेगळे. तोवर साधी कॉलर चालेल. गाऊनही लोकरीचाच करणार. कुणी कोणतं कापड घालायचं हे ठरवणाऱ्या 1574 च्या फर्मानाप्रमाणे माझ्यासारखीला मखमल तशीही मिळाली नसती.